दहा झुडपांचं तिकीट

मी चंद्रपूरला भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला आधी बेशरमाची दहा झुडपं उपटायला लावली. खोलीचा आणि झुडपांचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी ‘भाऊ तलावावर असतीन’ असं सांगून मला रस्त्यापलीकडच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पाठवलं होतं. तिथे गुडघाभर चिखलात, डोक्यावर खाणीतलं पिवळं हेल्मेट घालून, एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. मी म्हटलं, खोली बघायची आहे. ते म्हणाले, ‘पयले दहा उपटा. मुळासकट. मंग काय पाहाचं ते पाहा.’

जून लागला होता, पण चंद्रपूरच्या उन्हाला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. मी सांगलीची, अंगावर नोकरीसाठी घेतलेली नवी साडी, आणि वाद घालायची ताकद स्टेशनपासून इथवर येण्यातच संपलेली. उपटली. नवव्या झुडपाला तळहातावर फोड आला. दहावं मी नुसतंच मोडून पुढे केलं, तर त्यांनी ते उलटं करून पाहिलं, ‘याची मुळी कुठी आहे?’ असं विचारलं आणि मला परत पाठवलं. खोली मात्र चांगली निघाली. मी तिथे चार वर्षं राहिले.

या दहा झुडपांना भाऊ तिकीट म्हणायचे. तलावावर येणाऱ्या प्रत्येकाला ते लागू होतं. भाऊंच्या गळ्यात सुतळीने बांधलेली एक जुनी दुर्बीण असे, आणि दहा झुडपं मुळासकट उपटून दिल्याशिवाय ती कुणाच्याही डोळ्याला लागत नसे. बेशरम तुम्ही पाहिलं असेल. जांभळट फुलांचं, पाण्याच्या कडेला माजणारं, तोडून फेकलं तर फेकल्या जागी पुन्हा मूळ धरणारं झुडूप. म्हणून भाऊ उपटलेली झुडपं कुंपणाच्या तारेवर उलटी टांगून वाळवायचे. दुरून बघणाऱ्याला वाटे, इथे कसलातरी नवस फेडतात. वाघ बघायला निघालेली नागपूरची कुटुंबं वाटेत गाडी थांबवून विचारायची, इथे काय आहे बघायला, आणि पुढच्या पाच मिनिटांत गॉगल लावलेली ती माणसं चिखलात वाकलेली दिसायची. एकदा एक मोठे साहेब आले. त्यांनी ड्रायव्हरला खूण केली, ड्रायव्हरने बिचाऱ्याने भराभर दहा उपटली. भाऊंनी दुर्बीण ड्रायव्हरच्या हातात दिली. साहेब म्हणाले, मला. भाऊ म्हणाले, ‘ज्याचे डोळे, त्याचेच हात.’ ड्रायव्हरने पाच मिनिटं मन लावून बगळे पाहिले, साहेब गाडीत जाऊन बसले.

भाऊ तीस-पस्तीस वर्षं उघड्या कोळसा खाणीत होते. निवृत्त झाले ते ओव्हरमन म्हणून, म्हणजे एका शिफ्टमधल्या सगळ्या कामावर ज्याची नजर असते तो माणूस. खाण सुटली, शिफ्ट सुटली नाही. पहाटेच्या भोंग्याला ते उठत, डबा भरत, हेल्मेट घालत आणि शंभर पावलांवरच्या तलावावर ड्युटीला जात. पाळीवर पाऊल ठेवलं की कुणालाही उद्देशून नाही असा एक मोठा ‘जय भीम’ व्हायचा. तो पाण्याला असे की टिटवीला, ते मला कधी कळलं नाही. खाणीत सुरुंग उडवण्याआधी तीनदा हाळी द्यायची पद्धत असते. भाऊ घरात फोडणी टाकण्याआधीही तीनदा ‘हटो, हटो, हटो’ म्हणत, आणि ते एकटेच राहत होते. सुरुवातीचा महिनाभर मी त्या हाळीला दचकून दारात येत असे. नंतर मला हाळीवरून कळायला लागलं की आज डाळ आहे की वांगी, कारण वांग्याच्या वेळी आवाजात जरा उत्साह असे.

तलाव जुना, मालगुजारांच्या काळातला. एका अंगाला वस्ती आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर, त्याच्यामागे वीजकेंद्राच्या चिमण्या. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचं. अशा ठिकाणी पक्षी राहतील आणि ते बघायला माणसं येतील, असं भाऊ सोडून कुणालाच वाटत नव्हतं. भाऊंना ते का वाटत होतं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. ‘तीस वर्षं म्या जमीन उघडी पाडली, मॅडम. एक खड्डा तरी माह्या हातून भरला पाह्यजे.’

पक्ष्यांची नावं त्यांना एकही येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. त्यांनी खाणीतल्या माणसांवरून स्वतःची नावं ठेवली होती. टिटवी म्हणजे चौकीदार. बगळा म्हणजे इन्स्पेक्टर, कारण चिखलात उभा राहूनही कपडे पांढरे. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा म्हणजे शिफ्ट सुटलेला. शीळ घालत उडणाऱ्या अडई बदकांच्या थव्याला ते भोंगा म्हणत. आणि पानांवरून लांबच लांब बोटं टाकत, प्रत्येक पाऊल तपासून ठेवणारा कमळपक्षी, तो सेफ्टीवाला. सेफ्टीवाला त्यांचा लाडका. ‘पान बुडत नाई अन् पाय भिजत नाई, असा एक ऑफिसर आमाले मिळाला असता त...’ एवढं बोलून ते थांबायचे. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, म्हणून मुलांना तलावावर घेऊन जाई. वर्षाच्या शेवटी एका मुलीने जर्नलमध्ये व्यवस्थित चित्र काढून खाली ‘सेफ्टीवाला, नर’ असं लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, ही कुठली जात. मी म्हटलं, स्थानिक.

आता वच्छलाबाईंबद्दल सांगायला हवं, कारण भाऊंना सबंध जगात एका माणसाचा धाक होता आणि तो त्यांचा होता. वच्छलाबाई ढिवरांच्या. वस्तीतली अकरा घरं या तलावातल्या मासोळीवर जगत आलेली. पुरुष जाळी टाकत आणि बायका काठच्या उथळ पाण्यात उभ्या राहून हाताने, टोपलीने बारीक मासोळी धरत. वच्छलाबाई ठेंगण्या, कपाळावर गोंदण, बोलणं मोजकं. त्या पाळीवर बसून भाऊंचं बोलणं ऐकून घेत आणि शेवटी एक वाक्य बोलत. ते वाक्य घेऊन भाऊ घरी येत आणि त्या दिवशी वांगं असलं तरी हाळीत उत्साह नसे.

दुसऱ्या उन्हाळ्यात भाऊंनी तलाव खोदायला काढला. गाळाने तो भरत आला होता हे खरंच होतं. खाणीतल्या जुन्या ओळखीवर पोकलेन आलं, गाळ न्यायला गावोगावचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. भाऊंनी आधी वच्छलाबाईंच्या अंगणात अकराही घरांना बसवलं आणि शब्द दिला. दोन वर्षं जाळं टाकू नका, दोन वर्षं तलावाला द्या. तिसऱ्या वर्षी पक्षी येतील, माणसं येतील आणि मासोळी अशी होईल की उचलून नेता येणार नाही. दोन वर्षं म्हणजे त्या बायकांनी दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जायचं, पुरुषांनी मिळेल तिथे मजुरीला. वच्छलाबाईंनी एवढंच विचारलं, ‘शब्द तुमचा नं, भाऊ?’ भाऊ म्हणाले, माझा. तेव्हापासून ती गोष्ट तलावाची राहिली नाही.

आणि मग भाऊंनी चूक केली. तीस वर्षं खाण खोदलेला माणूसच करेल अशी ती होती. त्यांनी तलाव खाणीसारखा खोदला. चुन्याच्या सरळ रेषा मारल्या, काठ ओळंब्यात कापले, खाली दोन पुरुष खोल नेला, तळ असा साफ केला की त्यावर पंगत बसवावी. वच्छलाबाई पाळीवर उभ्या राहून म्हणाल्या, ‘काठ एवढा उभा नोका कापू, भाऊ. थोडा चिखल राहू द्या.’ भाऊ हसले आणि म्हणाले, ‘बाई, मले खोदाचं नोका शिकवू.’ मी तिथेच होते. माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. होती आणि तोंडही होतं. दोन्हीतलं काहीच मी त्या दिवशी वापरलं नाही. उलट मान डोलावली. भाऊ पुढे कित्येकदा म्हणत, मॅडमनेही मान डोलावली होती, आणि ते खोटं नव्हतं.

पावसात तलाव काठोकाठ भरला. काय देखणा दिसायचा. पाणी निळंशार, एक काडी नाही, एक पान नाही, चिमण्यांचं प्रतिबिंब वरपासून खालपर्यंत. साहेब लोक खूश झाले. स्वातंत्र्यदिनी भाऊंचा सत्कार झाला, केशरी शाल आणि नारळ. वक्ते म्हणाले, असा स्वच्छ तलाव जिल्ह्यात नाही. पुढच्याच महिन्यात पर्यटनासाठी म्हणून दोन पॅडल बोटी आल्या, राजहंसाच्या आकाराच्या, लाल चोचीच्या. वच्छलाबाईंनी त्या पाण्यात तरंगताना पाहिल्या आणि आपलं एक वाक्य बोलल्या. ‘आले बापा तुमचे दोन पक्षी.’

बाकी कुणी आलं नाही. हिवाळा गेला. चौकीदार काठावरून ओरडून गेला, शिफ्ट सुटलेला तेवढा खांबावर बसून जाई. इन्स्पेक्टरला उभं राहायला जागा नव्हती, सेफ्टीवाल्याला पाऊल ठेवायला पान नव्हतं. तेच बायकांचं. काठावरून पाय खाली टाकला की माणूस थेट गळ्यापर्यंत, मग टोपली धरून उभं कुठे राहणार? सोडलेलं मत्स्यबीज लपायला गवत नाही म्हणून पाणकावळ्याच्या कामी आलं. भाऊ रोज डबा घेऊन पाळीवर बसायचे. मी पक्ष्यांचं विचारलं तर म्हणायचे, अजून ड्युटी लिस्ट लागली नाही वरून. दुसरा पावसाळाही तसाच गेला. त्यांचं बोलणं कमी झालं. फोडणीची हाळी तीनवरून एकावर आली, आणि मी, जिला त्या हाळीचा वैताग होता, भिंतीला कान लावून उरलेल्या दोनांची वाट बघायला लागले.

धान पोटरीत आलं होतं, तेव्हा एक म्हातारा शेतकरी भांडायलाच आला. आपल्या सायकलच्या कॅरिअरला त्याने ओल्या पानांचा भारा बांधला होता आणि तो त्याने भाऊंच्या अंगणात टाकला. म्हणाला, तुमचा गाळ नेला तेव्हापासून दोन वर्षं मी निंदण करतो आहे, धान कमी आणि तुमचाच कचरा जास्त. मी खाली वाकले आणि तो भारा उलगडला. त्यात पोयनीची, म्हणजे पांढऱ्या कुमुदाची, पानं होती, देठासकट. देवधान होतं, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा तो लांब कुसळांचा भात. जुन्या तलावात मी मुलांना दाखवायची ते सगळं होतं.

आम्ही त्या म्हाताऱ्याच्या मागोमाग त्याच्या शेतात गेलो. खालच्या अंगाची एक बांधी, पाणी साचून राहणारी. तिच्यात पांढरी पोयनी फुललेली, आणि पानांवरून लांब बोटं टाकत, एकेक पाऊल तपासत, सेफ्टीवाला चालला होता. एक नव्हे, जोडी. भाऊंनी हेल्मेट काढलं. त्यांच्या डोक्यावर केस इतके कमी आहेत हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्याआधी मी त्यांना हेल्मेटशिवाय पाहिलंच नव्हतं. म्हातारा म्हणाला, ‘तुमचा तलाव माह्या बांधीतून घेऊन जा, बापा.’ भाऊंनी त्याला हात जोडले. त्यांनी सगळा तलाव गाळ म्हणून उचलून लोकांच्या शेतात वाटून टाकला होता आणि आपल्याकडे खड्डा ठेवला होता. हे त्यांना कळलं, मला कळलं, आणि वच्छलाबाईंना दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं.

तिथून ते सरळ वच्छलाबाईंच्या दारात गेले. मी मागे होते. भाऊ अंगणात उभे राहून म्हणाले, ‘बाई, माह्यं चुकलं.’

वच्छलाबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. ‘चुकलं त खरं. आता उभे नोका राहू. घमेले आना.’

पुढचे आठ महिने मी जे पाहिलं, ते सांगितलं तर सांगलीत कुणी विश्वास ठेवत नाही. गाळ लोकांना देणारी माणसं पुष्कळ असतील. दिलेला गाळ परत मागत दारोदार फिरणारा माणूस मी एकच पाहिला. भाऊ दारात उभे राहून तीनदा हाळी द्यायचे आणि म्हणायचे, तुमच्याकडे आमचा तलाव आहे, थोडा परत द्या. लोक हसायचे. एकाने तर बायकोला आतून बोलावून पुन्हा म्हणायला लावलं. पण धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या होत्या, आणि चिखलातले ते पोयनीचे कांदे, म्हणजे तिचे गड्डे, कुणाला नकोच होते. मागणारा माणूस वेडा असेल, पण मागतोय ते न्यायला लावावं, असा सगळ्यांचा विचार झाला. सत्काराची ती केशरी शाल भाऊंनी कांद्यांचं गाठोडं बांधायला घेतली. वर्षभर कपाटात पडलेली शाल त्या हिवाळ्यात दर दोन दिवसांनी चिखलात भिजत होती.

पण उन्हाळ्यात पाणी खाली जाईपर्यंत ते कांदे जगवायचे कुठे? भाऊंच्या टाकीत ठेवले. बादल्यांत ठेवले. एक दिवस कॉलेजातून आले तर माझ्या बादलीतही पोयनी, आणि वर चिठ्ठी, ‘मॅडम, तांब्यानं अंघोळ करा.’ तरी जागा पुरेना. तेव्हा वच्छलाबाईंनी त्या दोन राजहंसांकडे बोट दाखवलं. बोटी काठाला ओढल्या, त्यांत गाळ भरला आणि त्यात कांदे रोवले. जानेवारीत लाल चोचीच्या त्या प्लास्टिकच्या हंसाच्या पोटातून पोयनीची कोवळी पानं वर आली आणि मानेवर एक इन्स्पेक्टर येऊन बसला. बोटी पाठवणाऱ्या साहेबांनी त्यांचा फोटो मागवला होता. भाऊंनी तोच पाठवला.

मार्चपासून पाणी उतरायला लागलं आणि काठाला उतार घालायचं काम सुरू झालं. भाऊंनी सवयीने लेव्हलचं यंत्र मागवायची गोष्ट काढली. वच्छलाबाईंनी लुगडं खोचलं आणि त्या पाण्यात उतरल्या. एका जागी थांबल्या, ‘इथी घोट्याएवढं.’ चार पावलं पुढे, ‘इथी गुडघ्याएवढं.’ अजून पुढे, ‘इथी कमरेएवढं. याच्यापुढं तुमाले जेवढं खोदाचं तेवढं खोदा.’ त्या थांबतील तिथे भाऊ बांबू ठोकत गेले. पंधरा दिवस त्या तलावाची मोजपट्टी म्हणजे वच्छलाबाईंचे पाय होते. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी म्हटलं, आज मी उभी राहते. भाऊंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘तुमचा गुडघा चालत नाई, मॅडम. थो सांगलीचा आहे.’

मग अकरा घरांतल्या बायका घमेली घेऊन उतरल्या. उतारावर माती, मातीवर परत आणलेला गाळ, गाळात कांदे. कांदा चिखलाच्या गोळ्यात गुंडाळून पायाच्या टाचेने दाबायचा; हाताने दाबला तर वर येतो. मी तीन रविवार टाचेने कांदे दाबले. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मला पाणवनस्पतींबद्दल जे कळलं नव्हतं ते त्या तीन रविवारांत कळलं, आणि हे मी विनयाने म्हणत नाही.

भाऊंना मात्र घमेलं उचलवत नव्हतं. खोकला त्यांना आधीपासून होता. आम्ही सगळे तो भाऊंचा स्वभाव समजत होतो. त्या मे महिन्यात ते दहा पावलं चालून थांबायला लागले. तीस वर्षांची धूळ छातीत बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं, या गावची हवा सोडा. नागपूरहून मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. पाऊस पडायच्या आधी, पोयनीचं एक पानही वर यायच्या आधी ते नागपूरला गेले. जाताना दुर्बीण त्यांनी वच्छलाबाईंच्या गळ्यात घातली आणि विचारलं, ‘तिसरं वर्ष लागलं, बाई. नाई जमलं तर?’ वच्छलाबाई म्हणाल्या, ‘गाडी सुटते तुमची.’

ऑगस्टमध्ये माझी बदली अहेरीला झाली. भाऊ मला फोन करायचे आणि तलावाचं विचारायचे. मी म्हणायची, वच्छलाबाईंना विचारा. ते म्हणायचे, त्या सांगत नाहीत. आणि खरंच, वच्छलाबाईंनी फोनवर कधीच काही सांगितलं नाही. पक्षी आले का, विचारलं तर ‘या, पाहा’. मासोळी झाली का, विचारलं तर ‘या, पाहा’. मलाही बजावून ठेवलं होतं की एक शब्द बोलायचा नाही. मी निघेपर्यंत पानं वर आली होती, एवढंच मला माहीत होतं. पुढचं मलाही कुणी सांगत नव्हतं. तिकडे नागपुरात तो माणूस दिलेल्या शब्दाची काळजी करून जेवत नाही, असं त्यांची मुलगी मला सांगायची. मला वच्छलाबाईंचा राग यायचा. एवढं सांगायला काय जातं यांचं, असं वाटायचं.

डिसेंबरात मुलगी त्यांना घेऊन आली. मीही अहेरीहून पहाटेची एसटी धरून आले. भाऊ रिक्षातून उतरले, हातात काठी, डोक्यावर हेल्मेट. पाळीच्या तोंडाशी झाडाखाली वच्छलाबाई बसल्या होत्या, गळ्यात दुर्बीण. भाऊंनी हात पुढे केला. वच्छलाबाईंनी दुर्बिणीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘दहा.’

मुलगी चिडली. म्हणाली, त्यांना दम लागतो, दिसत नाही का? भाऊंनी तिला गप्प केलं. नियम त्यांचाच होता. ते पाळीवरून झुडपं शोधत निघाले आणि आम्ही मागे. पाळ लख्ख होती. कुंपणाजवळ नाही, पायऱ्यांजवळ नाही, झाडांच्या बुंध्याशी नाही. उजव्या हाताला सगळा तलाव पसरला होता, पण तिकीट दिल्याशिवाय बघायचं नाही म्हणून त्या माणसाने मान वळवली नाही. अर्धी पाळ झाल्यावर ते काठीवर रेलले आणि विचारलं, ‘बेशरम कुठी आहे, बाई? एकही नाई.’

‘चला नं,’ वच्छलाबाई म्हणाल्या.

पाळीच्या टोकाला, जास्तीचं पाणी वाहून जातं तिथे, काट्यांचं छोटं कुंपण घातलेलं होतं. आत एका ओळीत बेशरमाची दहा झुडपं होती. मुळाशी खुरपलेली, आळी केलेली. सबंध तलावावरचं बेशरम उपटून काढताना वच्छलाबाईंनी दहा राखली होती.

भाऊ संतापले. काय केलं हे, म्हणाले, एक फांदी पाण्यात पडली तर दोन वर्षांत पुन्हा सगळा तलाव जाईल, अक्कल आहे की नाही. बोलता बोलता खोकला आला, म्हणून ते खाली बसले, आणि बसले तसे उपटायला लागले. एकेक झुडूप, मुळासकट. प्रत्येकानंतर दम खात. मुलगी पुढे झाली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दहावं उपटून त्यांनी ते स्वतःच उलटं करून मूळ तपासलं.

वच्छलाबाईंनी दुर्बीण त्यांच्या गळ्यात घातली. भाऊ तिथेच, जमिनीवर बसून, डोळ्यांना लावून बघायला लागले. मला दुर्बिणीशिवायही दिसत होतं. पोयनीची पानं दूरवर, भोंगा उठला होता, पानांवरून सेफ्टीवाले आपली पावलं तपासत चालले होते. पण दुर्बीण त्या बाजूला थांबलेली नव्हती. ती काठाजवळ होती. तिथे ढिवरांच्या बायका टोपल्या घेऊन पाण्यात उभ्या होत्या. कुणी घोट्याएवढ्या, कुणी गुडघ्याएवढ्या, कुणी कमरेएवढ्या पाण्यात. भाऊंनी दुर्बीण काढली नाही. तशीच लावून ठेवून विचारलं, ‘मासोळी?’

‘उचलून नेता नाई येत,’ वच्छलाबाई म्हणाल्या. ‘शब्द होता नं तुमचा.’

उन्हं चढायला लागली तेव्हा मुलीने निघायचं म्हटलं. उठताना त्यांनी त्या रिकाम्या आळ्यांकडे पाहिलं आणि पुटपुटले की आता पुढच्या साली तिकिटाला काय उपटायचं. वच्छलाबाई काट्यांचं कुंपण नीट करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘लावून ठेवतो नं दहा.’

आम्हाला वाटलं आता पुन्हा ओरडा बसणार. भाऊंनी काठी टेकली, श्वास जमवला.

‘दहा नोका लावू, बाई,’ ते म्हणाले. ‘पाच लावा. आता दम लागते.’